सूचना दुसऱ्याला, उत्तर माझं: रेडिओवर नेमकं चुकतं कुठे?

अडतीस_तास

नमस्कार. वैमानिकाचं प्रशिक्षण घेतेय, आजवर ३८ तास झालेत, म्हणून हे नाव. गेल्या आठवड्यात एकटीनं सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीची सरावाची फेरी, मारताना एक प्रकार घडला आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी डाउनविंडवर होते. म्हणजे धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेनं. माझ्या पुढे शाळेचंच दुसरं विमान. माझ्या कॉलसाइनची, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावाची, शेवटची अक्षरं डेल्टा ब्राव्हो, त्याची ब्राव्हो डेल्टा. (हो, कल्पना आहे. ही नावं देणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.) टॉवरनं, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रकानं, बेसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्यावर) वळायला सांगितलं. मी त्याचीच वाट बघत होते, बोट बटणावरच होतं. 'टर्निंग बेस, डेल्टा ब्राव्हो' म्हटलं आणि पंख झुकवला. पुढच्याच क्षणी टॉवर: 'डेल्टा ब्राव्हो, निगेटिव्ह, कंटिन्यू डाउनविंड. ब्रेक, ब्रेक. ब्राव्हो डेल्टा, टर्न बेस.' ('ब्रेक, ब्रेक' म्हणजे आता दुसऱ्या विमानाशी बोलतोय.)

सूचना त्याला होती. मी मागून आतल्या बाजूनं त्याच्या अंगावर गेले असते.

झालं काहीच नाही. सर म्हणाले, असं होतं, पुढच्या वेळी कान उघडे ठेव. पण माझे कान उघडेच होते हो! मी शपथेवर सांगते, मला 'डेल्टा ब्राव्हो'च ऐकू आलं. आणि दुसरं कोडं असं की त्या मुलानंही उत्तर दिलं होतं, अगदी नियमाप्रमाणे. मला त्याचा शब्दही ऐकू आला नाही, त्याला माझा नाही.

तर प्रश्न: माझ्या कानात दोष आहे, इंग्रजीत आहे, की रेडिओत? आणि हातातला फोन इतका स्वच्छ ऐकू येत असताना विमानात अजून हा खरखरणारा डबा का?

उजवी_सीट

आधी झोप नीट घे. ज्यानं दुसऱ्याचा क्लिअरन्स (टॉवरनं दिलेली परवानगी) कधीच उचलला नाही असा वैमानिक मला अजून भेटायचाय. मी को-पायलट आहे, आमच्या कॉकपिटमध्ये एकाच वेळी दोघं ऐकतात, तरी महिन्यातून एकदा तरी आम्ही एकमेकांकडे बघतो: 'आपल्याला होतं का ते?' अशा वेळी विचारायचं, बस. 'से अगेन' म्हणायला कुणाच्या बापाची भीती नाही.

एक नियम तुला कदाचित नीट सांगितला नसेल. कॉलसाइन आखडून बोलायची मुभा पहिल्यांदा टॉवर देतो, आपण घ्यायची नसते. आणि सारखी वाटणारी दोन नावं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील तर पूर्ण नावच वापरायचं. तुमच्या सर्किटमध्ये दोघांचीही शेपटं तेवढी उरली होती.

तारयंत्र

विमानातले रेडिओ दुरुस्त करण्यात माझी उमर गेली, त्यामुळे डब्याची बाजू मी घेणार.

तुझ्या दुसऱ्या कोड्याचं उत्तर सोपं आहे: बोलताना तू बहिरी होतीस. विमानाचा रेडिओ फोनसारखा एकाच वेळी दोन्हीकडून चालत नाही. बटण दाबलंस की सेट पाठवायच्या कामाला लागतो आणि ऐकणं बंद. तेव्हा हेडसेटमध्ये येतो तो तुझाच आवाज, तुला बरं वाटावं म्हणून परत सोडलेला. त्या मुलाचंही तेच. तुम्ही दोघं एकमेकांच्या डोक्यावर बोललात आणि दोघांनाही वाटलं, आपला निरोप छान पोचला. गोंधळ ऐकला तो टॉवरनं, आणि सर्किटमध्ये तिसरं कुणी असेल तर त्यानं.

आता ते काय ऐकतात? शिट्टी. कर्कश. कारण दोन सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर लावलेले असले तरी अगदी त्याच आकड्यावर कधीच नसतात. समजा १२० मेगाहर्ट्झवर दोघांत दहा लाखांत पाच भागांचा फरक आहे. म्हणजे ६०० हर्ट्झ. हा फरकच सूर होऊन कानात घुसतो.

आणि इथेच तुझ्या 'खरखरणाऱ्या डब्या'चं रहस्य आहे. विमानांचा व्हीएचएफ पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, आणि त्यावर अजूनही एएम चालतं. गाणी ऐकायला एफएम गोड, मान्य. पण एफएमची एक खोड आहे: जोरकस सिग्नल दुबळ्याला अख्खा गिळतो. दोघं एकदम बोलले तर जवळचा, मोठा तेवढा ऐकू येईल आणि लांबचा होता याचा पत्ताही लागणार नाही. एएममध्ये लांबचा निदान शिट्टी तरी वाजवतो. समज, तुमच्यापैकी एकाचा सिग्नल टॉवरला खणखणीत पोचत होता आणि सेट एफएमचे होते. टॉवरला एकच गोड उत्तर ऐकू आलं असतं आणि दोन विमानं वळली असती. (एएम टिकायचं दुसरं कारण फार थोर नाही. जगातल्या सगळ्या विमानांचे सेट एका रात्रीत कोण बदलणार?)

खरखर का, तेही सांगतो. आवाजातले वरचे सूर या पट्ट्यात कापलेले असतात. स, फ, थ ही मंडळी राहतात नेमकी वरच्या मजल्यावर. ती गेली की 'फाइव्ह' आणि 'नाइन' या दोघांत मधला 'आइ' तेवढा उरतो. म्हणून पुस्तकात 'नाइनर' आणि 'फाइफ' आहे, 'थ्री'चं 'ट्री' आणि 'थाउझंड'चं 'टाउझंड' आहे. नवी मुलं हे उच्चार करायला लाजतात, त्यांना ते नाटकी वाटतं. ते नाटक रेडिओच्या अंगाला मापून शिवलेलं आहे.

जाता जाता: बोट बटणावर ठेवून वाट बघू नकोस. दाब, क्षणभर थांब, मग बोल. नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. आणि पहिलं अक्षर बहुतेक वेळा नावाचंच असतं.

शांत_फ्रिक्वेन्सी

मी काचेच्या या बाजूचा. ३१ वर्षं नियंत्रक होतो, आधी टॉवर, मग रडार. आता निवृत्त. अगं, कान, इंग्रजी आणि रेडिओ हे तिन्ही आरोपी तू उभे केलेस, पण चौथा तूच तुझ्या प्रश्नात लिहून ठेवलायस आणि त्याच्याकडे बघितलंच नाहीस. 'मी त्याचीच वाट बघत होते.'

माझी एक गोष्ट सांगतो. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

वादळी रात्र होती. उतरणाऱ्यांची रांग लागलेली आणि ढग चुकवायला प्रत्येक जण वेगळी दिशा मागतोय. एका विमानाला मी फ्लाइट लेव्हल ११०, म्हणजे साधारण ११,००० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं, कारण त्याच्या खाली १०० वर दुसरं होतं. तेव्हा आम्ही आकडे सुटे बोलायचो, 'वन वन झिरो'. वैमानिकानं परत वाचलं: 'वन झिरो झिरो'. मी ते ऐकलं. समोरच्या कागदी पट्टीवर (प्रत्येक विमानाची एक असायची) ११० च्या पुढे पेन्सिलीनं खूण केली, म्हणजे 'बरोबर वाचलं' याची नोंद. आणि पुढच्या विमानाकडे वळलो.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी स्वतःच्या कामात होता. पण त्याचा एक कान माझ्याकडे असावा. त्यानं हात लांब करून माझ्या पट्टीवर टिचकी मारली आणि म्हणाला, 'तो शंभर म्हणाला.' मी त्याच्यावर डाफरलो. खरंच डाफरलो, 'एकशे दहा म्हणाला' म्हणून. तरी हात आपोआप बटणाकडे गेला आणि मी पुन्हा विचारलं. वैमानिक म्हणाला, वन झिरो झिरो. वेळेत थांबवला.

नंतर चौकशीत टेप ऐकवली. माझी खात्री होती की टेपवर आवाज पुसट असेल, खरखर असेल, काहीतरी असेल. काही नव्हतं. तो माणूस बातम्या वाचल्यासारखा स्वच्छ 'वन झिरो झिरो' म्हणत होता. मी टेप परत लावायला सांगितली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर समोरचे साहेब म्हणाले, 'आता ती बदलायची नाही.'

मी एकशे दहा दिलं होतं, म्हणून मला एकशे दहा ऐकू आलं. तू वळणाची सूचना मागत बसली होतीस, म्हणून ती तुझ्या नावानं आली. माझा कान चांगला होता, इंग्रजी चांगलं होतं, रेडिओही ठीक होता.

आता 'लेव्हल १००' हे 'वन हंड्रेड' असंच बोलायचं, 'वन झिरो झिरो' नाही, असा नियम आहे. तो आमच्यासारख्यांच्या टेपांतून आलाय. आमच्या भाषेतला जवळजवळ प्रत्येक विचित्र शब्द असा कुठल्यातरी टेपमधून आलाय. काही टेपांच्या शेवटी माणसं जिवंत नाहीत.

'टेक-ऑफ' हा शब्द घे. तुला शिकवलं असेल की उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो उच्चारायचा, बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. का? २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ, धुकं. केएलएमचं जम्बो धावपट्टीच्या टोकाला, पॅन अॅमचं जम्बो त्याच धावपट्टीवर समोरून चालत येतंय. केएलएमला टॉवरनं उड्डाणानंतर कुठे वळायचं तो मार्ग दिला. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण त्या वाक्यात 'आफ्टर टेक-ऑफ' हे शब्द होते. को-पायलटनं मार्ग परत वाचला आणि शेवटी जोडलं: 'वी आर नाऊ अॅट टेक-ऑफ'. याचा अर्थ काय? टॉवरनं घेतला, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. त्याला म्हणायचं होतं, निघालोय. डच माणूस आपल्या भाषेच्या वळणानं इंग्रजी बोलला असावा, असं पुष्कळांचं मत आहे. आपणही बोलतो की.

टॉवर म्हणाला, 'ओके'. मग एक-दोन क्षण थांबून, 'स्टँड बाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू'. नेमक्या त्याच वेळी पॅन अॅमवाला घाबरून बोलला, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. तारयंत्र म्हणतात तीच शिट्टी! केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं आणि पुढची दोन्ही वाक्यं, ज्यांतलं एकही विमान थांबवायला पुरेसं होतं, शिट्टीखाली गेली. ५८३ माणसं.

मला स्वतःला त्यातलं सगळ्यात जास्त छळतं ते 'ओके'. काहीही अर्थ नसलेला शब्द. तरुण नियंत्रकांना शिकवताना मी तो उच्चारणाऱ्याकडून पूर्ण पाळीभर पट्ट्या लावून घ्यायचो.

दुसरी टेप. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूर, फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू जम्बो. नियंत्रकाला म्हणायचं होतं २४०० फूट. तो म्हणाला, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो'. यातला 'टू' म्हणजे दोनचा आकडा. वैमानिकानं तो 'पर्यंत' या अर्थाचा घेतला आणि परत वाचलं: 'ओके, फोर झिरो झिरो'. चारशे फूट. ते नियंत्रकानं दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघंही गेले. 'टू थाउझंड फोर हंड्रेड' म्हटलं असतं तर 'टू' निसटून जायला जागाच नव्हती. इथे नियंत्रकाच्या जागी मला मीच दिसतो, पेन्सिलीनं खूण करणारा.

तिसरी तर एका अक्षराची. २५ एप्रिल १९८०, पुन्हा टेनेरिफ बेट, डॅन-एअरचं बोइंग ७२७. नियंत्रकाला आकाशात घिरट्या घालायला सांगायचं होतं, 'टर्न्स टू द लेफ्ट', वळणं डावीकडची. तो म्हणाला 'टर्न टू द लेफ्ट'. डावीकडे वळा. ते वळले, आणि पुढे ढगात डोंगर होता. १४६ माणसं, आणि मध्ये एक 'स'. तारयंत्रांनी वर लिहिलंय की 'स' वरच्या मजल्यावर राहतो. या वेळी तर तो तोंडातूनच निघाला नव्हता.

लांबलं. थांबतो.

कोपरखळी

काका, लिहिता छान, पण टेनेरिफचा दोष रेडिओवर आणि व्याकरणावर ढकलताय. तो कॅप्टन परवानगीशिवाय निघाला. ड्यूटीचे तास संपत आले होते, त्याला घाई होती. त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की तो पॅन अॅम अजून बाजूला झाला नाही का, आणि कॅप्टननं ते उडवून लावलं. याला संवादाची चूक म्हणायचं?

आणि दुसरं. इतकी वर्षं झाली तरी आपण 'नाइनर' आणि 'ट्री' यांत अडकलोय. सगळं लिखित पाठवा ना. मेसेज. विषय संपला.

शांत_फ्रिक्वेन्सी

कॅप्टन परवानगीशिवाय निघाला, याबद्दल वाद नाही. पण फ्लाइट इंजिनिअरनं तो प्रश्न विचारला कशामुळे, ते बघा. शिट्टीनंतर टॉवरनं पॅन अॅमला सांगितलं, धावपट्टी मोकळी झाली की कळवा. पॅन अॅम म्हणाला, कळवतो. हे दोन्ही केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आलं होतं. तिघांनी ऐकलं, एकाच्या कानाला खटकलं. उरलेल्या दोघांच्या डोक्यात विमान आधीच उडालं होतं. माझ्या पट्टीवरची खूण आणि हे, यात मला फार फरक दिसत नाही. फरक एवढाच की माझ्या शेजारच्यानं टिचकी मारल्यावर मी डाफरलो, पण विचारलं. त्यात शहाणपण कमी आणि सवय जास्त होती.

लिखित संदेशाबद्दल उजवी_सीट सांगतील, मी गेलो तेव्हा ते नुकतं रुळत होतं.

उजवी_सीट

लिखित संदेश आहेत आणि चांगले चालतात. समुद्रावर गेलो की व्हीएचएफ पोचत नाही, ते सरळ रेषेत जाणारं. पूर्वी तिथे एचएफवर (लांबवर पोचणाऱ्या दुसऱ्या रेडिओवर) ओरडत बसावं लागायचं. आता बरंचसं काम सीपीडीएलसीवर, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या मजकुरावर होतं. पण तो मजकूर पाठवणं, वाचणं, दोघांनी तपासणं, उत्तर देणं, यात वेळ जातो. धावपट्टीपासून दोन मैलांवर असताना समोर कुणी आलं तर 'गो अराउंड' (उतरू नका, परत वर जा) हा मेसेज मला वाचायचा नाही, ऐकायचाय.

आणि मजकूर दोघांतच राहतो, हा त्याचा मोठा तोटा. रेडिओ म्हणजे चावडी. दुसऱ्याला दिलेली सूचना माझ्या कानावर पडते आणि मला आसपासचं चित्र कळतं. कोण पुढे आहे, कोण ढग चुकवतोय, कोणाचा आवाज ताणलेला आहे.

चावडीचा फायदा घ्यायला मात्र भाषा सगळ्यांची हवी आणि बोलणारा-उडवणारा एकमेकांच्या जवळ हवेत. १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर आठवा, ३४९ मृत्यू. कझाक विमानात रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता. तो वैमानिकांच्या मागे बसायचा आणि त्याच्यापुढे उंचीचं स्वतःचं यंत्र नव्हतं. त्यांना १५,००० फुटांवर थांबायचं होतं, सौदी विमान १४,००० वर होतं. कझाक विमान १५,००० च्या खाली उतरत गेलं. रेडिओवर बोलणारा एक, दांडा दुसऱ्याच्या हातात.

आणखी एक, कारण इथे सगळे 'चुकीचं ऐकू आलं' यावरच बोलतायत. काही वेळा सगळं बरोबर ऐकू येतं आणि तरी पोचत नाही. २५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क, एव्हियांका ५२. खराब हवामानामुळे त्यांना एकूण तासाभराहून जास्त घिरट्या घालायला लावल्या. को-पायलट म्हणाला, 'प्रायॉरिटी' हवी. इंधन संपत आलंय हेही म्हणाला. 'इमर्जन्सी' म्हणाला नाही, 'मेडे' (जिवावरच्या संकटाची हाक) म्हणाला नाही. नियंत्रकाच्या कोशात 'प्रायॉरिटी'ला तेवढं वजन नव्हतं, आणि इंधन कमी आहे असं त्या संध्याकाळी बरेच जण म्हणत असणार. विमान कोरड्या टाक्यांनी पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. आज यासाठी ठरलेले शब्द आहेत, 'मिनिमम फ्युएल' आणि त्याच्या पुढचा 'मेडे फ्युएल'. मी शिकत असताना सर आम्हाला वर्गात मोठ्यानं 'मेडे' म्हणायला लावायचे, एकेकाला उभं करून. आम्ही हसायचो. लाज मोडावी म्हणून ते होतं, हे नंतर कळलं.

तारयंत्र

चावडीवरून आठवलं. ही चावडी एका माणसाच्या बोटानं बंद पडू शकते. बटण अडकलं, किंवा माइक कुशनखाली दाबला गेला, की तो सेट अखंड पाठवत राहतो आणि अख्खी फ्रिक्वेन्सी ठप्प. ज्याचं अडकलंय त्याला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे 'अरे तुझं बटण बघ' हे सांगायचीही सोय नाही. माझ्याकडे एकदा असा सेट 'बिघडलाय, काही ऐकू येत नाही' म्हणून आला. सेट ठणठणीत होता. बटणाच्या फटीत गोळीचा कागद अडकला होता, खोकल्याच्या.

म्हणून अडतीस_तास, खूप वेळ शांतता वाटली तर आधी आवाजाची कळ बघ, मग बटण. आणि खरंच रेडिओ गेला तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) ७६०० लाव आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेव. स्थिर हिरवा दिसला की उतरायचं.

शांत_फ्रिक्वेन्सी

तारयंत्र, खोकल्याच्या गोळीचा कागद मी माझ्या संग्रहात ठेवतो.

एक प्रकरण राहिलं, कारण ते अगदी अलीकडचं आहे आणि हिच्या गोष्टीच्या जवळचं आहे. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला टॉवरनं सांगितलं, 'नंबर वन', आणि होल्डिंग पॉइंटपर्यंत या. म्हणजे निघणाऱ्यांत पहिला नंबर तुमचा, पण धावपट्टीच्या अलीकडे थांबा. त्यांनी वाचून दाखवलं तेही बरोबर. शब्दात कुठेच चूक नव्हती. तरी विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं आणि मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए३५० त्याच्यावर आलं. मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले, छोट्यातल्या सहांपैकी पाच गेले. त्यानंतर तिथे काही काळ क्रमांक सांगणंच बंद केलं होतं. आपला नंबर पहिला, हे ऐकल्यावर माणसाला आणखी काय काय ऐकू येत असेल, याचा विचार करतोय तेव्हापासून.

म्हणजे रीडबॅक, सूचना परत वाचून दाखवणं, हे औषध आहे, पण रामबाण नाही. मुली, तुला एक सवय सुचवतो. रीडबॅक तोंडानं होतो, त्याच्या आधी अर्धा क्षण डोळ्यांनी कर. 'टर्न बेस' ऐकलंस? पुढचं विमान कुठे आहे ते बघ. ते अजून तुझ्या नाकासमोर डाउनविंडवरच असेल तर तुला आधी वळायला कोण सांगेल? विचार. टॉवर वैतागला तर वैतागू दे. आम्ही वैतागायचोच, आमच्या आवाजाची ठेवणच तशी. आणि जमलं तर त्या दिवशीच्या नियंत्रकाला भेट. तुमच्या दोघांच्या शिट्टीतून त्यानं कसं ओळखलं, हे मला जाणून घ्यायचंय. शिट्टीत नाव ऐकू येत नाही.

अडतीस_तास

सगळ्यांचे आभार. काका, तुमची टेपची गोष्ट मी दोनदा वाचली.

आज भेटून आले. टॉवरमध्ये पहिल्यांदाच गेले, जिना चढताना रागावतील असं वाटत होतं. ते माझ्या कल्पनेपेक्षा बरेच तरुण निघाले. म्हणाले, शिट्टीच ऐकू आली, नाव वगैरे काही नाही. त्यांना वाटलं कुणीतरी तिसराच मधे बोलला, म्हणून 'सेट ब्लॉक झाला, पुन्हा सांगा' म्हणायला हात बटणाकडे गेलाच होता. पण दोघांपैकी एकाचं बोलणं थोडं उशिरा संपलं. शिट्टी थांबली आणि तिच्या मागे एक शब्द उघडा पडला: 'ब्राव्हो'.

ब्राव्हो डेल्टाचं उत्तर 'डेल्टा'वर संपायला हवं होतं.

मी म्हटलं, म्हणजे मी सावकाश बोलते म्हणून वाचले. तर म्हणाले, नाही, तुम्ही बटण दाबून क्षणभर थांबला असाल, म्हणून मागे राहिलात. मी थांबले नव्हते. त्या दिवशी घसा कोरडा पडला होता, पहिला शब्द निघायला वेळ लागला.

उद्यापासून शाळेनं ब्राव्हो डेल्टा सकाळच्या पाळीत टाकलंय आणि मला दुपारच्या.